बुडबुड्यांवरून काचेचे वय ठरत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत जुन्या काचेच्या दिव्यांवर नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. झुंबरे, हंड्या, भिंतीवरचे दिवे आणि त्यांच्या काचा या विषयाला एवढी जागा मिळाली याचा आनंद वाटला. परंतु दिवा खरोखर जुना आहे की नाही हे ओळखण्यासाठी लेखात दिलेल्या तीन कसोट्या, म्हणजे काचेतील बुडबुडे, काचेचे वजन आणि काचेवर आलेली जांभळट झाक, वाचकाला वाटेवर आणण्यापेक्षा वाट चुकवण्याचीच शक्यता अधिक आहे. गेली अनेक वर्षे मी जुन्या दिव्यांच्या दुरुस्तीचे आणि नोंदणीचे काम करतो. या तिन्ही कसोट्यांनी मला एकेकदा फसवले आहे, म्हणून हे पत्र.

काचेचा रस पुरेसा तापला नाही किंवा पुरेसा वेळ निवळू दिला नाही, तर त्यात हवा अडकून राहते. हे अठराव्या शतकात घडत होते आणि आजही एखाद्या लहान भट्टीत, फुटकी काच पुन्हा वितळवताना घडते. शिवाय बुडबुडे मुद्दाम आणताही येतात. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर १९२०च्या दशकाच्या अखेरीस ‘पुलेगोझो’ नावाची काच होऊ लागली, ती तर बुडबुड्यांनी इतकी गच्च भरलेली असते की स्पंजाचा भास व्हावा. याउलट बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर या कारखान्याने १८५१च्या लंडन येथील महाप्रदर्शनासाठी २७ फूट उंचीचे काचेचे कारंजे उभारले, त्या काळातल्या चांगल्या इंग्रजी झुंबराचा लोलक भिंगाखाली धरला तर तो बहुधा पाण्यासारखा नितळ निघतो. म्हणजे बुडबुड्याला प्रमाण मानणारा माणूस नवी काच जुनी ठरवील आणि जुनी काच नवी म्हणून बाजूला सारील.

वजनाचेही तसेच आहे. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने १६७४ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतल्यानंतर शिसे घातलेली काच तेथे रुळली. साधी सोडा-चुन्याची काच पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असते, तर भरपूर शिसे असलेली काच तिपटीच्या आसपास किंवा त्याहून थोडी अधिक जड भरते. हातात घेतल्याबरोबर जाणवणारा जडपणा आणि टिचकी मारल्यावर लांबत जाणारा नाद या दोन्ही गोष्टी शिशामुळे येतात, वयामुळे नव्हे. आणि तीच कृती पुढे विसाव्या शतकातही चालू राहिली. वजनावरून काचेची घडण कळते, शतक कळत नाही.

जांभळट झाकेबद्दल थोडे अधिक लिहावे लागेल, कारण या कसोटीत अर्धे सत्य आहे. वाळूतील लोहामुळे काचेला हिरवट छटा येते आणि ती मारण्यासाठी पूर्वी मँगॅनीज घालत असत. असा मँगॅनीज वर्षानुवर्षे उन्हातील अतिनील किरणांखाली राहिला की काच हळूहळू जांभळट होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अनेक कारखाने मँगॅनीज सोडून सेलेनियमकडे वळले, म्हणून जांभळट काच त्याआधीची असे समीकरण रूढ झाले. परंतु घराच्या आत टांगलेल्या दिव्याला ऊन लागते कितीसे? माझ्या पाहण्यात आलेल्या गडद जांभळ्या शेडपैकी बऱ्याचशा कृत्रिम किरणांखाली ठेवून तशा केलेल्या होत्या, म्हणजे वय वाढवण्यासाठी केलेला तो मेकअप होता. खऱ्या उन्हाने आलेली झाक फिकी असते आणि बहुतेकदा ज्या बाजूला उजेड पडत होता तिकडे अधिक असते. अतिनील किरणांच्या विजेरीखाली हिरवीगार चमकणाऱ्या काचेबद्दलही एवढेच म्हणता येईल की तीत युरेनियम आहे. अशी काच १८३०च्या दशकात बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, जोसेफ रीडेल याने प्रसिद्धीला आणली हे खरे, पण तिचे उत्पादन आजही थोड्या प्रमाणात होते.

मग वय कशावरून ठरवावे? माझ्या मते सर्वांत आधी विचारायचा प्रश्न असा की ही काच कोणत्या ज्योतीसाठी घडवली गेली. ज्योत वर जाते आणि तिला खालून हवा लागते, या साध्या गोष्टीने दीडशे वर्षे दिव्यांच्या काचेचा आकार ठरवला. विल्यम मर्डॉकने १७९२ मध्ये आपल्या घरात कोळशाच्या वायूचा दिवा लावला, तेव्हापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वायुदिव्याची शेड प्याल्यासारखी वर उघडणारी असे आणि तिचे खालचे तोंड हवा येण्यासाठी रुंद ठेवलेले असे. अमेरिकी बनावटीत हे तोंड सामान्यतः ४ इंचांचे असते. विजेच्या बल्बला हवा नको असते, त्यामुळे विजेच्या शेडचे तोंड आक्रसले आणि अमेरिकेत सव्वादोन इंचांचे माप रूढ झाले. एखाद्या शेडच्या गळ्याला मोजपट्टी लावली आणि माप सव्वादोन इंच निघाले, तर ती मूळची वायुदिव्याची असल्याचा दावा तिथेच ढिला पडतो. रॉकेलच्या दिव्याची गोल हंडी दोन्ही बाजूंनी उघडी असते, कारण तिच्यातून चिमणी आरपार जावी लागते. अशी हंडी पुढे कोणी विजेवर चढवली, तर वरचे भोक झाकणारी एखादी नवी पितळी टोपी तिच्यावर हमखास दिसते.

हा नियम अगदी सरळ नाही, हेही सांगायला हवे. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १८८५ मध्ये मँटलचे, म्हणजे वायूच्या ज्योतीवर तापून लखलखणाऱ्या जाळीदार टोपीचे, पेटंट घेतले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाली लोंबणारे उलटे मँटल आले, त्यामुळे वायूच्या शेडही खाली तोंड करू लागल्या. दुसरीकडे वीज नवीन असताना तिच्यावर कोणाचा फारसा भरवसा नव्हता, म्हणून १८८०च्या दशकापासून पुढची दोन-तीन दशके दोन्ही सोयी असलेले दिवे बनत होते, ज्यांत वर वळलेल्या फांद्या वायूच्या आणि खाली वळलेल्या विजेच्या असत. अशा दिव्याच्या वरच्या फांदीत आज जरी वायर ओवलेली असली, तरी नळीवर कोठेतरी वायू बंद करण्याची चपटी चावी किंवा ती कापून घासल्याची खूण सापडते. बोटाने चाचपून ती शोधण्यात जो आनंद आहे, तो मला कोणत्याही सहीत सापडलेला नाही.

विजेचे दिवे आल्यानंतरचा काळही काचेवरून वाचता येतो, कारण बल्ब बदलला की काच बदलली. सुरुवातीचे कार्बन तंतूचे बल्ब मंद आणि पिवळसर होते. ते डोळ्यांना टोचत नसत, म्हणून शेड पारदर्शक, रंगीत किंवा फुलाच्या पाकळ्यांसारखी नुसती शोभेची चालत असे. विल्यम कूलिज याने १९१० च्या सुमारास टंगस्टनची लवचीक तार तयार केली आणि १९१३ मध्ये वायू भरलेले बल्ब आले, तेव्हा उजेड इतका वाढला की तो झाकणे हेच शेडचे मुख्य काम होऊन बसले. दुधी काचेचे बंद गोल आणि मोठ्या उथळ परड्या यानंतर सर्वत्र दिसू लागतात. उजेड झाकण्याऐवजी वळवण्याचा मार्ग त्याआधीच, १८९३ मध्ये, आंद्रे ब्लोंडेल आणि स्पिरिडिऑन प्सारूदाकी यांनी पॅरिसमध्ये शोधला होता. त्यांच्या शेडच्या पृष्ठभागावर उभ्या-आडव्या बारीक खाचा असतात आणि प्रत्येक खाच लोलकासारखी प्रकाश वळवते. ‘होलोफेन’ या नावाने त्या विकल्या गेल्या आणि हे नाव बहुधा गळ्याच्या काठावर साच्यातच उमटवलेले असते. तिरप्या उजेडात काठ फिरवून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही.

काठ हा शब्द आला आहे, तर त्याच्यावर थोडे थांबतो, कारण काचेच्या दिव्याचा सर्वांत बोलका भाग तोच आहे आणि पितळी कडीखाली झाकलेला असल्यामुळे नेमका तोच कोणी पाहत नाही. तीन स्क्रूंनी धरलेल्या शेडच्या गळ्यावर त्या तीन ठिकाणी धातूच्या काळपट रेघा आणि बारीक टवके पडलेले असतात. ते अनियमित असतील, एकमेकांवर चढलेले असतील, तर शेड अनेकदा काढली-घातली गेली आहे. गळा सर्वत्र सारखाच खरखरीत असेल, तर झीज कागदाने घासून आणलेली असण्याचा संशय घ्यावा. काठावरच काचेचे थर दिसतात. हिरव्या काचेची जी टेबलावरची शेड बँकेचा दिवा म्हणून ओळखली जाते, तिचे पेटंट हॅरिसन मॅकफॅडिन याने १९०९ मध्ये घेतले आणि ‘एमरलाइट’ या नावाने ती खपली. त्या जुन्या शेडचा काठ पाहिला तर बाहेर हिरवी आणि आत दुधी असे दोन थर स्वच्छ दिसतात. पुष्कळ नव्या नकलांत मात्र हिरव्या काचेला आतून पांढरा रंग फासलेला असतो आणि काठाशी तो पोपडा धरून सुटतो.

पृष्ठभागावरची धुरकट झिलई हा दुसरा पुरावा. काचेवर वाळूचा झोत मारून ती खरखरीत करण्याचे पेटंट बेंजामिन टिल्घमन याने १८७० मध्ये घेतले. तेव्हा वाळूच्या झोताने उमटवलेली नक्षी त्याआधीची असू शकत नाही. आम्लाने आणलेली झिलई रेशमासारखी गुळगुळीत लागते, तर वाळूची झिलई नखाला किंचित अडते आणि तिच्यावर बोटांचे ठसे चटकन उठतात. फुंकून घडवलेली काच आणि साच्यात दाबलेली काच यांतील फरकही हातालाच कळतो. दाबलेल्या काचेवर साच्याचे भाग जिथे मिळतात तिथे शिवण असते आणि नक्षीच्या कडा गोलसर झालेल्या असतात. चाकावर कापलेल्या काचेच्या कडा आजही धारदार असतात. झुंबराचा लोलक पारखायचा असेल तर एकाच माळेतले चार लोलक शेजारी ठेवावेत. हाताने पैलू पाडलेल्या लोलकांत मधला पैलू एखाद्यात तसूभर सरकलेला, एखाद्यात जरा रुंद, असा फरक राहतोच. डॅनियल स्वारोव्हस्की याने १८९२ मध्ये यंत्राने पैलू पाडण्याचे पेटंट घेतले, त्यानंतरच्या यंत्रकामात चारही लोलक एका आईची लेकरे दिसतात.

आता मूळ ठिकाणाबद्दल. लेखात शैलीवरून देश ओळखण्याचा सल्ला आहे. तो निरर्थक नाही, पण त्यामागचे कारण सांगितले असते तर अधिक उपयोग झाला असता. मुरानोची सोड्याची काच निवताना बराच वेळ मऊ राहते, म्हणून कारागीर तिला ओढून, पिळून, चिमटून पाने, फुले आणि वळलेल्या फांद्या करू शकतो. बोहेमियाची पोटॅश-चुन्याची काच टणक असते, ती कोरण्याला आणि पैलूंना मानवते. इंग्रजी शिशाची काच तुलनेने मऊ आणि अधिक लखलखीत, म्हणून तिच्यावर खोल काप शोभतात. एवढे ध्यानात ठेवले की झुंबराचा घाट पाहून भट्टीची दिशा कळते. मात्र घाट जन्मतारीख सांगत नाही. चपट्या लोखंडी पट्ट्यांवर काचेचे आवरण आणि मध्ये काचेची फुले, अशी ‘मारिया थेरेसा’ नावाने ओळखली जाणारी रचना अठराव्या शतकातली आहे, तरीही ती आजतागायत बनत आली आहे. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत विल्हेल्म वागेनफेल्ड याने १९२४ च्या सुमारास घडवलेला दुधी घुमटाचा टेबल-दिवा १९८० पासून टेक्नोलुमेन या जर्मन कंपनीने पुन्हा अधिकृतपणे काढला. हे दिवे खोटे नाहीत, पण १९२४चेही नाहीत.

खुणांचा विचार करताना एक सूत्र मला सर्वांत उपयोगी पडले आहे: खूण ही वस्तू कधीची आहे ते सांगत नाही, ती कधीच्या आधीची नाही एवढेच सांगते. अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली जकात कायद्याने मार्च १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. म्हणून शेडवर देशाचे नाव असेल तर ती बहुधा त्यानंतरची. नाव नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण प्रत्येक दिवा काही अमेरिकेला जात नव्हता आणि कागदी चिकटपट्ट्या पहिल्याच धुण्यात निघून जातात. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असे लिहिले असेल तर वस्तू १९१८ नंतरची, कारण तो देशच त्या वर्षी जन्मला. १९९३ पासून ‘चेक रिपब्लिक’ येते. ‘पश्चिम जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. ‘डी.आर.जी.एम.’ ही जर्मन नोंदणीची अक्षरे १८९१ पासून सुरू होतात. ब्रिटिश वस्तूंवर १८४२ ते १८८३ या काळात नोंदणीचे, पत्त्यांतील चौकटच्या आकाराचे चिन्ह असे आणि १८८४ पासून साधे अनुक्रमांक १ पासून सुरू झाले. अमेरिकी पेटंटचा क्रमांक असेल तर १० लाखांचा टप्पा १९११ मध्ये आणि २० लाखांचा १९३५ मध्ये ओलांडला गेला, एवढे लक्षात ठेवले तरी दशकाचा अंदाज बांधता येतो. परंतु पेटंट घेतल्यानंतर तीच वस्तू पुढे कित्येक वर्षे बनत राहू शकते, हे विसरू नये.

नावांच्या बाबतीत सावधगिरी दुप्पट हवी. फ्रेंच काचकलावंत रने लालिक याचे १९४५ मध्ये निधन झाले आणि तोपर्यंतच्या सहीत ‘आर. लालिक’ असे आद्याक्षर असे. पुढच्या वस्तूंवर ते नसते. ते एक अक्षर नंतर कोरून घालणे अवघड नाही आणि तसे घातलेले मी पाहिले आहे. फ्रान्समधील नॅन्सीच्या एमिल गाले या काचकलावंताचा मृत्यू १९०४ मध्ये झाला, त्यानंतर काही काळ सहीशेजारी एक तारा उमटवला जात असे आणि कारखाना त्याच्यानंतरही चालू राहिला, म्हणजे खरी सही असलेला दिवासुद्धा त्याच्या हातचा असेलच असे नाही. आज रुमानियात बनलेल्या नकलांवर गाले या नावासोबत ‘टिप’ (TIP) हा शब्द असतो, ज्याचा त्या भाषेत अर्थ ‘प्रकारचा’ असा आहे. घासून काढण्याजोगे तेवढेच तीन अक्षरी सत्य त्या दिव्यावर असते आणि बहुधा तेच घासलेले असते, म्हणून सहीच्या शेजारचा भाग भिंगाखाली इतर पृष्ठभागाशी ताडून पाहावा.

आणि आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एक भिंतीवरचा दिवा माझ्याकडे आला. धातूची बैठक जड पितळेची, होल्डर चिनी मातीचा, वायरीला कापडाचे वेष्टण. काच गुलाबी, कोरीव, सुरेख. बैठक आणि होल्डर पाहून मी संपूर्ण दिव्यावर १९१० च्या सुमाराची नोंद केली. दोन महिन्यांनी कडी खोलली, तेव्हा काच धरणाऱ्या तिन्ही स्क्रूंच्या डोक्यावर अधिकचे चिन्ह होते. तशा खाचेचे पेटंट हेन्री फिलिप्स याने १९३६ मध्ये घेतले. कडी आणि काच नंतरची, बैठक आधीची, आणि दोघींचा संसार कोणा मधल्या माणसाने थाटून दिलेला. तेव्हापासून मी काच, धातू आणि विजेचे भाग यांच्या तीन वेगळ्या नोंदी करतो आणि त्या एकमेकींशी जुळतात का ते नंतर पाहतो. विजेच्या भागांतून देशाचाही सुगावा लागतो: ब्रिटिश दिव्यांत दोन खिळ्यांचा, खटक्याने बसणारा होल्डर, तर अमेरिकेत २६ आणि युरोपीय मुख्य भूमीवर २७ मिलिमीटरचा आट्यांचा. काळ्या-तपकिरी बेकेलाइटचा होल्डर असेल तर तो १९०७ नंतरचा, कारण लिओ बेकलँडने ते त्या वर्षी शोधले. मात्र होल्डर हा दिव्यातला सर्वांत आधी बदलला जाणारा भाग आहे, म्हणून तो मूळचा असल्याचा पुरावा वेगळा शोधावा लागतो. पितळेवर त्याच्या कडेचा जुना ठसा त्याच मापाचा असेल, तर बहुधा तो मूळचा.

आपल्या पुरवणीत यापुढे अशा दिव्यांची छायाचित्रे येतील, तेव्हा त्यांखाली ‘१८८० चा दिवा’ असे छापण्याऐवजी काच कधीनंतरची आणि धातू कधीनंतरचा हे वेगवेगळे छापावे, अशी विनंती आहे. आणि घरातला जुना दिवा वापरात आणू पाहणाऱ्या वाचकांना एवढेच सांगावेसे वाटते की कडक झालेली जुनी वायर जरूर बदलावी, त्यात कुचराई करू नये. पण धुण्यापूर्वी गळ्याच्या काठाचे आणि कडीच्या आतल्या बाजूचे छायाचित्र घ्यावे, आणि काढलेला होल्डर, स्क्रू व वायरीचा वीतभर तुकडा एका पाकिटात घालून त्यावर कोणत्या दिव्याचा ते लिहून ठेवावे.

आपला नम्र,
जुन्या दिव्यांचा एक दुरुस्तीकार